तीन सुती की अडीच सुती? क्यूच्या सांध्याची गोष्ट

माझा भाचा बेंगळुरूत नोकरीला असतो. दिवाळीला बेळगावात, टिळकवाडीत घरी आला, तेव्हा चिवड्याच्या बशीला मोबाइल टेकवून कपाळाला आठ्या घालून बसला होता. पूल खेळायला स्वतःच्या मापाची क्यू, म्हणजे बॉल मारायची काठी, बनवून घ्यायचं त्याच्या डोक्यात होतं. (पूल म्हणजे टेबलावरचा, बिलियर्डच्या जातीचा खेळ. मार्कंडेय नदीवरचा नव्हे.) कारागिराने फॉर्म पाठवला होता. लाकूड कुठलं, वजन किती, टिप किती मिलिमीटरची, इथवर त्याने भराभर भरलं आणि पुढच्या ओळीवर अडकला. 'जॉइंट: पायलटेड की फ्लॅट-फेस? पिन: ५/१६-१४, ५/१६-१८, ३/८-१०, रेडियल की युनि-लॉक?'

"मामा, तुम्ही आयुष्य उद्यमबागेत काढलंय. हे आट्यांचं काय ते तेवढं सांगा की."

गोष्ट खरी आहे. आटे, म्हणजे स्क्रूवरच्या चक्री खाचा, मोजणं ही माझी रोजीरोटी. उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत मशीनशॉपमध्ये तपासणीला असल्यामुळे दिवसभर हातात गेज आणि व्हर्नियर. शनिवारी संध्याकाळी कॅम्पात स्नूकर, तेही बरीच वर्षं. म्हणजे या विषयाच्या दोन्ही टोकांना मी आहे. तरीही त्याला दोन वाक्यांत उत्तर देता आलं नाही. कारण खेळणाऱ्यांमध्ये या सांध्याबद्दल जितकी ठाम मतं ऐकायला मिळतात, तितकी माहिती कुणाकडे नसते. दोन तुकडे एकमेकांना नीट लागून का राहत नाहीत, हा विषय आमच्या भागात निघाला की ताटातलं जेवण थंड होतं. मी मात्र इथे फक्त लाकडाबद्दल बोलतोय.

आधी क्यू उघडून बघू

पार्लरमध्ये सगळे 'स्टिक'च म्हणतात. पूलची क्यू साधारण ५८ इंच लांब असते. तिचे दोन तुकडे, प्रत्येकी साधारण २९ इंचांचे. पुढचा निमुळता तुकडा म्हणजे शाफ्ट, त्याच्या टोकाला चामड्याची टिप. मागचा, हातात धरायचा जाड तुकडा म्हणजे बट. हे दोन जिथे जुळतात तो जॉइंट, म्हणजे सांधा. बटाच्या तोंडातून आटे पाडलेली एक कांडी बाहेर आलेली असते, तिला पिन म्हणायचं. शाफ्टच्या तोंडात तिच्यासाठी भोक असतं. सांध्याभोवती दोन्हीकडे एकेक कडं बसवलेलं असतं, ती कॉलर.

दोन तुकडे कशासाठी? सोय म्हणून, दुसरं काही नाही. ५८ इंचांची काठी घेऊन बसमध्ये चढून बघा. क्लबातल्या रॅकवरच्या पुष्कळ क्यू अखंड असतात आणि त्यांच्याने बॉल पॉकेटात जातातच. स्नूकरवाल्यांनी वेगळी वाट काढली. त्यांच्या बऱ्याच क्यूंचा सांधा मध्यावर न ठेवता पाऊण लांबीवर, पार मागे हाताजवळ नेलेला असतो, म्हणजे पुढचं लाकूड सलग राहतं. पूलच्या क्यूमध्ये तो मध्येच येतो, म्हणून वादही तिथेच पेटतो.

३/८-१० हे काय गणित आहे?

हा अपूर्णांक नव्हे, वजाबाकीही नव्हे. पहिला आकडा पिनची जाडी इंचात सांगतो, दुसरा एका इंचात किती आटे ते. ३/८-१० म्हणजे तीन अष्टमांश इंच जाड आणि इंचाला दहा आटे. ५/१६-१८ म्हणजे पाच सोळांश जाड आणि इंचाला अठरा.

आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात हे आणखी सोपं आहे. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मग ३/८ म्हणजे तीन सुती, ५/१६ म्हणजे अडीच सुती. मिलिमीटरमध्ये साडेनऊ आणि आठ. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो हसला. अमेरिकन कारागिराचा फॉर्म आमच्या गणपत गल्लीच्या बाजारभाषेत वाचता येतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या आकड्याचा परिणाम हाताला लगेच कळतो. इंचाला दहा आटे असतील तर एका वळणात शाफ्ट अडीच मिलिमीटर आत सरकतो, अठरा असतील तर दीडपेक्षाही कमी. पिन एक इंच आत जायची तर पहिल्याला दहा वळणं, दुसऱ्याला अठरा. रेडियल नावाची पिन या दृष्टीने सगळ्यांत जाड आट्यांची, तीन सुती आणि इंचाला आठ. तिचे आटे टोकदार नसून गोलसर असतात. युनि-लॉक हे एका कंपनीचं आणि तिच्या जोडणीचं नाव. तिच्या झटपट सुटणाऱ्या प्रकारात पिनच्या थोड्याच भागावर आटे असतात आणि बाकीची गुळगुळीत असते. पिन आधी सरळ आत सरकते, शेवटच्या थोड्या वळणांत आवळली जाते.

लाकडाला जाड आटे, पितळेला बारीक

इतके प्रकार झाले कशाला? पिन कशात फिरणार आहे, यावर ते ठरतं.

सुताराच्या डब्यातला लाकडाचा स्क्रू आणि मोटरसायकलचा बोल्ट शेजारी ठेवून बघा. स्क्रूचे आटे लांबलांब आणि खोल असतात, बोल्टचे जवळजवळ आणि उथळ. लाकडाचे धागे तुटतात, म्हणून दोन आट्यांमध्ये लाकूड जाड राहावं लागतं. लोखंड तुटत नाही, तिथे बारीक आटे चालतात आणि ते चांगले आवळतातही.

क्यूमध्ये नेमकं हेच आहे. तीन सुती, इंचाला दहा आट्यांची पिन थेट शाफ्टच्या लाकडात फिरते. भोकाला लाकडातच आटे पाडलेले असतात, धातूचं काही नसतं. अडीच सुती पिनच्या शाफ्टमध्ये मात्र बहुतेक वेळा पितळेची नळी बसवतात, तिला इन्सर्ट म्हणतात. अडीच सुती, अठरा आट्यांचे आटे शाफ्टच्या नुसत्या मेपल लाकडात पाडले, तर वर्षभरात लाकडाचा भुसा हातात येईल.

बारीक आटे जास्त घट्ट बसतात, मग तेच का घेऊ नयेत, असं भाच्याने विचारलंच. त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. तेवढ्याच जोराने पिळलं तर बारीक आटा दोन तोंडं जास्त दाबून धरतो. खरं तर बाटलीच्या झाकणासारखं आहे हे. झाकण जिथे टेकतं ती कडच वाकडी असेल, तर कितीही पिळा, गळणारच. तोंडं सपाट नसतील तर आटे कितीही बारीक असोत, सांधा मधे उघडा राहतो.

तोंडाला तोंड कसं मिळतं?

माझ्या मते फॉर्मवरचा कळीचा प्रश्न हा आहे, आणि लोक त्याच्यावरून घाईघाईने पुढे जातात.

सपाट तोंडाच्या, म्हणजे फ्लॅट-फेस सांध्यात दोन्ही तुकड्यांची तोंडं करवतीने कापून घासल्यासारखी सपाट असतात आणि एकमेकांवर पूर्ण टेकतात. लाकूड लाकडाला लागतं. मध्यभाग सांभाळायचं काम पिनचं.

पायलटेड सांध्यात शाफ्टच्या तोंडाला मधोमध एक छोटं बोंड, म्हणजे पायलट, पुढे आलेलं असतं. ते बटाच्या कॉलरमधल्या खोबणीत शिरतं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आठवा. झाकणाची आतली कड डब्याच्या तोंडात बसते आणि झाकण इकडेतिकडे सरकत नाही. बोंडाचं काम तेच. बटाची कॉलर बहुधा स्टेनलेस स्टीलची असते. अमेरिकेतल्या जुन्या नामांकित क्यूंमध्ये ही पद्धत रुळली होती. रशियात जन्मून न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवणारे जॉर्ज बालाबुश्का १९७५ साली गेले. त्यांच्या क्यूंना संग्राहकांमध्ये आजही मान आहे, आणि स्टीलची कॉलर, पायलट, ५/१६-१४ पिन हा त्यांच्या क्यूंचा ओळखीचा साज. पन्नास वर्षांनी लोक तीच पिन मागतात, त्यात थोडं शास्त्र आणि बरीचशी भक्ती आहे. भक्तीला माझी हरकत नाही.

दोन्ही पद्धती चांगल्या हातून झाल्या की चांगल्या, वाईट हातून झाल्या की वाईट. तपासायची रीतही एकच. जोडताना सावकाश फिरवा. तोंडं टेकेपर्यंत हाताला फारसा अडथळा लागू नये आणि टेकली की एकदम थांबावं. मग सांधा उजेडासमोर धरा, मधून प्रकाशाची रेघ दिसता कामा नये. शेवटी अंगठ्याचं नख शाफ्टवरून बटाकडे न्या आणि क्यू थोडी फिरवून पुन्हा न्या. नख सगळीकडे सारखं सरकलं तर कारागिराला मान द्या. एका बाजूला अडकलं आणि समोरच्या बाजूला घसरलं, तर मध्य चुकलाय. हे नखाने कळतं, व्हर्नियर लागत नाही.

बॉलला सांधा कळतो का?

सगळे भांडतात ते इथे. 'स्टीलच्या सांध्याने साइड जास्त लागते', 'लाकूड-लाकूड असलं की बॉल सरळ जातो' वगैरे.

टिप आणि बॉल एकमेकांना साधारण एक हजारांश सेकंद चिकटून असतात. तेवढ्यात जे होईल ते होईल, पुढे बॉल तुमचा राहत नाही. आता बॉलच्या मधोमध न मारता तुम्ही बाजूला मारलं, म्हणजे साइड दिली. बॉल स्वतःभोवती फिरतो आणि टिपच्या टोकालाही बाजूला ढकलतो. त्या बदल्यात बॉल नेमाच्या रेषेवरून किंचित उलट्या बाजूला सरकतो. याला डिफ्लेक्शन म्हणतात. शाफ्टचं पुढचं टोक जितकं जड, तितका बॉल जास्त सरकतो.

पण 'पुढचं टोक' म्हणजे किती? इथे शाफ्टमधून दोन बातम्या निघतात, असं समजा. एक उभा धक्का, लांबीच्या दिशेने, रेल्वेने जाणारा. दुसरा आडवा हेलकावा, बैलगाडीने जाणारा. टिप म्हणजे बेळगाव आणि सांधा म्हणजे लोंढा मानलं, तर रेल्वे लोंढ्याला जाऊन परत बेळगाव स्टेशनात लागते, तोवर बैलगाडीने जेमतेम बेळगावजवळचं देसूर गाठलेलं असतं. मेपलमधून उभा धक्का सेकंदाला सुमारे चार किलोमीटर वेगाने धावतो. २९ इंच जाऊन परत यायला त्याला अर्धा हजारांश सेकंदही लागत नाही. आडवा हेलकावा मात्र बॉल सुटेपर्यंत शाफ्टच्या पुढच्या सहा-आठ इंचांपलीकडे फारसा गेलेलाच नसतो. साइड दिल्यावर बॉल किती सरकतो, ते या आडव्या हेलकाव्यावर ठरतं. सांध्याला ती बातमी कळते तेव्हा बॉल निघून गेलेला असतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीत मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सियाटोरे यांनी हाय-स्पीड कॅमेऱ्याने या गोष्टींचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलाय. कंपन्यांनाही हे पुरतं ठाऊक आहे. प्रिडेटरने १९९४ च्या सुमारास ३१४ नावाचा कमी डिफ्लेक्शनचा शाफ्ट आणला, तेव्हा वजन कमी केलं ते टिपजवळ, सांध्याजवळ नाही.

उभ्या धक्क्याचं थोडं वेगळं आहे. तो सांध्यापर्यंत पोचतो, त्यामुळे 'सांध्याचा काडीचाही संबंध नाही' असं मी म्हणणार नाही. सांधा घट्ट असेल तर धक्का सलग लाकडातून जावा तसा पार होतो. सैल असेल तर तिथेच कुरकुर होते. पण शॉटची ताकद मुख्यतः टिप, क्यूचं वजन आणि तुमचा हात यांच्यात ठरते. पिनला दहा आटे आहेत की चौदा, हे बॉल विचारत नाही.

मग खेळणारे फरक सांगतात ते खोटं?

नाही. ते फरक बॉलमध्ये शोधतात आणि तो असतो हातात आणि कानात.

कुदळीचा दांडा सैल झाला की घाव तोच बसतो, पण हात झिणझिणतात. दांड्याला पाचर मारली की तीच कुदळ शहाण्यासारखी वागते. क्यूमध्येही स्टीलच्या कॉलरला धक्का लागला की आवाज किंचित टणक येतो. लाकूड-लाकूड सांध्याचा जरा मऊ, बुजलेला. बाजारात मडकं घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसा हा नाद असतो. नाद आवडला तर माणूस निर्धास्त मारतो, निर्धास्त मारलं की बॉल जातो, मग श्रेय पिनला. त्यातही टिप बदलली तर नाद जेवढा बदलतो, तेवढा पिन बदलून क्वचितच बदलतो.

क्लबात आम्ही एकदा चार क्यूंच्या सांध्यांवर रुमाल गुंडाळून गंमत केली होती. शास्त्रीय चाचणी वगैरे काही नव्हती, चहाच्या पैजेवर चाललं होतं. लाकूड-लाकूड सांध्याशिवाय क्यू हातात न धरणारे आमचे एक मित्र स्टीलच्या सांध्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघ, ह्याला म्हणतात लाकूड." चहा त्यांनी पाजला, पण मत बदललं नाही.

वजनाचं मात्र खरं आहे

पिन कशाची आहे यावर क्यूचा तोल बदलतो, आणि तो बॉलला नाही तरी तुमच्या मनगटाला कळतो. तीन सुती जाडीची आणि तीन इंच लांबीची पिन स्टीलची असेल तर चाळीस ग्रॅमच्या आसपास भरते. टायटॅनियमची असेल तर तिचं वजन निम्म्याहून थोडं जास्त. जी-टेन नावाचं एक साहित्य मिळतं, काचेचं कापड आणि इपॉक्सीचं, सर्किट बोर्डाच्या जातीचं. त्याची पिन दहा ग्रॅमच्या घरात.

१९ औंसांची क्यू म्हणजे साधारण ५४० ग्रॅम. त्यात तीस ग्रॅम काय मोठे, असं वाटेल. पण ते बरोबर मध्यावर येतात आणि तोलबिंदू त्याच्या मागे, बटाच्या टोकापासून अठरा-एकोणीस इंचांवर असतो. मी कागदावर करून पाहिलं. जी-टेनच्या जागी स्टीलची पिन घातली तर तोल अर्धा इंच पुढे सरकतो. स्टीलची कॉलर घेतली तर आणखी. पुढे जड असलेली क्यू काहींना स्थिर वाटते, काहींना ओढल्यासारखी वाटते. यात बरोबर-चूक नाही. ज्या क्यूने तुमचा हात बसलाय, ती एका बोटावर तोलून टेप लावा आणि तो आकडा कारागिराला कळवा. 'स्टील की जी-टेन' यापेक्षा त्याला त्याचा जास्त उपयोग होईल.

जुन्या क्यूंना हस्तिदंती सांधेही असत. ते मागू नका. हस्तिदंताच्या व्यापाराला आपल्याकडे बंदी आहे.

आमच्याकडचा पावसाळा

क्यूवर चर्चा करणाऱ्यांचं हवामान आणि आपलं हवामान एक नाही. जून लागला की बेळगावात घराची दारं चौकटीला चिकटतात. खानापूर-जांबोटीकडे तर विचारायलाच नको. जे दाराचं तेच क्यूचं. लाकूड ओलाव्याने लांबीत फुगत नाही म्हटलं तरी चालेल, जाडीत फुगतं. सांध्यापाशी मेपल साधारण २१ मिलिमीटर जाड असतं. त्यातला ओलावा चार टक्क्यांनी वाढला, तर आडव्या दिशेला पाव मिलिमीटरपर्यंत फुगू शकतं. पॉलिश चांगलं असेल तर ओल आत शिरायला वेळ लागतो, पण सांध्याच्या तोंडावर आणि भोकात बहुधा पॉलिश नसतं.

कॉलर फुगत नाही. म्हणजे बाहेरून आवळलेलं लाकूड आतल्या बाजूला, भोकात फुगतं. म्हणून लाकडातले आटे ऑगस्टमध्ये कुरकुरतात आणि जानेवारीत तीच क्यू लोण्यासारखी फिरते. भाच्याच्या एका मित्राने अशा वेळी घट्ट बसलेल्या सांध्यात मशीनचं तेल सोडलं. तेल लाकडात मुरून बसलं. तेल नको. पिनवर मेणबत्ती हलकी घासायची, फिरवायचं, फडक्याने पुसायचं. पितळी इन्सर्टला हा त्रास कमी, पण पितळेवर हिरवट कीट चढतो आणि तो मऊ कापडाने काढत राहावा लागतो.

एवढ्यावरून 'आमच्या हवेला इन्सर्टच बरा' असं ठरवू नका. लाकडी आटे पावसाळ्यात घट्ट होतात, सैल नव्हे. आवाज न करता सैल होतो तो इन्सर्ट. नळी पक्की असते, पण ती ज्या गोंदाने बसवली तो गोंद कच्चा निघाला की नळीच शाफ्टमध्ये फिरायला लागते. ते वरून दिसत नाही, फक्त प्रत्येक शॉटला बारीक खडखड ऐकू येते आणि माणूस टिप बदलत बसतो.

'बिघडली तर उद्यमबागेत करून घेऊ की!'

हे भाच्याचं वाक्य. बेळगावच्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये याच गावात सायकलचं दुकान काढलं, तेव्हापासून लोखंडाला वाकवायची खोड आम्हाला आहे. फाउंड्री, लेथ, हायड्रॉलिक्स, काय म्हणाल ते.

मी त्याला घेऊन आमच्या ओळखीच्या टर्नर काकांकडे गेलो. काकांनी माझी जुनी क्यू घेतली, पिनवर आट्यांचा गेज लावला, डोळे बारीक केले. "अडीच सुती, चौदा. हा टॅप दुकानात मिळायचा नाही बघ." (टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार.) मग खडूने मशीनच्या पत्र्यावरच शिकवणी झाली. अडीच सुतीचा चालू माल अठरा आट्यांचा. अमेरिकन मापातही अठरा, जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापातही अठरा. फक्त पहिल्यात आट्याचा कोन साठ अंशांचा, दुसऱ्यात पंचावन्नचा, म्हणून आकडा जुळला तरी बसतीलच असं नाही. तीन सुतीला दोन्हीकडे सोळा. म्हणजे ५/१६-१८ सोडली, तर क्यूच्या ५/१६-१४ आणि ३/८-१० या पिना बाजारच्या मापात बसतच नाहीत. पिन लेथवर गिअर लावून काकांनी करूनही दिली असती. आतल्या आट्यांना मात्र त्याच मापाचा टॅप हवा, आणि रेडियलचा गोलसर आटा पाडायला वेगळी हत्यारं.

"आणि आटे ही सोपी गोष्ट झाली," काका म्हणाले. "लोखंड मी चकमध्ये धरतो. ही निमुळती काठी कुठं धरू? मध्य चुकला की संपलं." शतांश मिलिमीटरमध्ये काम करणारा माणूस लाकडाच्या काठीला घाबरला, हे मी पहिल्यांदा पाहिलं. क्यूची दुरुस्ती क्यूवाल्याकडेच करायची, हा धडा भाच्यापेक्षा मलाच जास्त लागू होता.

कारण ती जुनी क्यू. मी ती एका विक्रेत्याकडून वापरलेली घेतली, तेव्हा तो म्हणाला होता, अडीच सुतीचा कुठलाही शाफ्ट चालेल. चार महिन्यांनी मी दुसरा शाफ्ट आणला. दोन वळणं सुरेख फिरला आणि अडला. नवा आहे म्हणून घट्ट असेल, असं समजून मी, आट्यांवर पोट भरणाऱ्या माणसाने, जोर लावला. पिन चौदा आट्यांची होती, शाफ्ट अठराचा. पितळेचे आटे चुरा होऊन बाहेर आले. जाडी तीच असली की पहिली दोन वळणं कुणालाही फसवतात.

मग फॉर्मवर काय लिहिलं?

आम्ही प्रश्न उलटा केला. कुठली पिन चांगली हे बाजूला ठेवलं आणि या क्यूला पुढच्या दहा वर्षांत कुठले शाफ्ट लागतील ते विचारलं. बट टिकतो, शाफ्ट झिजतो, वाकतो, मन भरून बदलला जातो. हल्ली कार्बनचे शाफ्ट येतात. त्यांच्या तोंडातली जोडणी कारखान्यातच बसवून येते, मागाहून बदलणं सोपं नाही. त्यामुळे सांधा निवडणं म्हणजे पुढचे शाफ्ट कुठल्या दुकानातून येणार ते आजच ठरवणं. एखाद्या कंपनीचा स्वतःचाच सांधा घेतला, जसा जपानच्या मेझचा वेव्ही, तर शाफ्टही बहुतेक त्याच घरचा घ्यावा लागतो. घर चांगलं आहे, पण सासुरवाडी एकच. युनि-लॉक आणि रेडियल सहज मिळतात. मॅकडरमॉट कंपनी वापरते ती ३/८-१० आणि जुनी ५/१६-१४ यांचेही शाफ्ट मिळतात. ५/१६-१८ बऱ्याच कमी किमतीच्या क्यूंना असते, म्हणून ती हलकी समजतात. तसं काही नाही.

दुसरा प्रश्न आम्ही कारागिरालाच केला: तुम्ही सगळ्यांत जास्त क्यू कुठल्या पिनने करता? तो म्हणाला, ३/८-१०, सपाट तोंड. मग झालं. ज्या पिनवर त्याचा हात बसलाय तीच घ्यावी, जी कधीतरीच करतो ती आपल्या क्यूवर शिकायला लावू नये. त्या मापाचा कार्बन शाफ्ट मिळतो ना, एवढी भाच्याने खात्री करून घेतली. तो बेंगळुरूत राहणार, सुट्टीत पावसाळ्यातही बेळगावला येणार, म्हणून भोकातल्या लाकडाला पातळ सीलर मारून द्या, असं खाली लिहिलं. पिन स्टीलची, कारण त्याच्या आवडत्या क्यूचा तोल साडेअठरा इंचांवर निघाला आणि कारागिराच्या हिशोबात स्टीलच बसलं.

शेवटची ओळ मी सांगून लिहायला लावली. पिनेला आणि भोकाला लावायच्या टोप्या त्याच आट्यांच्या द्या, आणि पिनचं माप पिशवीच्या आतल्या खिशात कागदावर लिहून ठेवा. भाच्याने 'पिशवी' खोडून 'केस' केलं आणि फॉर्म पाठवून दिला.